मुलाखत झाली होती का?

टॉम कुमर हा स्विस मुक्त लेखक लॉस एंजेलिसमध्ये राहून एका मोठ्या जर्मन दैनिकाच्या पुरवणीला हॉलिवूडच्या मुलाखती पाठवत असे. शेरॉन स्टोन, पामेला अँडरसन, माइक टायसन; मजकूर फर्मास. त्यातले कित्येक संवाद त्याने घरी बसून रचले होते. २००० साली ‘फोकस’ साप्ताहिकाने हे उघडकीला आणलं आणि पुरवणीच्या दोन्ही मुख्य संपादकांची नोकरी गेली. कुमर तर नोकरीत नव्हताच!

संपादक म्हणून मला कच्च्या भाषेच्या लेखकाची फारशी भीती वाटत नाही. रात्र जागून त्याचा लेख उभा करता येतो, मुद्रितशोधकाची बोलणी खावी लागतात एवढंच. धास्ती असते ती मुदतीआधी, नेमक्या शब्दसंख्येत, एकही काना-मात्रा न चुकवता येणाऱ्या लेखाची. दिवाळी अंकाच्या धामधुमीत तो कोण तपासतो?

म्हणून यापुढे बाहेरच्या लेखकांनी मुलाखतीचं ध्वनिमुद्रण लेखासोबत पाठवायचं आहे. जुन्या स्नेह्यांनाही सूट नाही. काही जण रुसतील, त्याला इलाज नाही. मानधन मात्र तपासणी झाली की आठवड्याभरात मिळेल. तेही आजवर आपल्याकडे होत नव्हतं.