वाघाच्या जंगलात शेवटी कोण चालणार?

पटाभोवती : साप्ताहिक स्तंभ

नवी मोहीम ठरली की पहिल्याच बैठकीत कुणीतरी जागा सांगून ठेवतं, "टँक माझा." इतरांच्या पुढे उभं राहायचं, घाव आपल्या अंगावर घ्यायचे आणि मागच्यांना त्यांचं काम करू द्यायचं, हे मागून घेणारा खेळाडू मला नेहमीच आवडतो. पण पुढच्या पाच मिनिटांत त्याचं बोट चिलखतांच्या तक्त्यात सगळ्यात खाली जातं. प्लेट. आर्मर क्लास १८, ढालीसकट २०, वजन ६५ पौंड. कागदावर हा आकडा पडला की रक्षक तयार झाला, अशी समजूत आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्समधल्या एखाद्या दगडी तळघरात ती चालूनही जाईल. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात मोहीम मांडायची असेल तर रक्षक बांधायला सुरुवातच दुसरीकडून करावी लागते.

आधी ऊन. इथले नियम आणि आकडे मी २०१४ च्या आवृत्तीचे धरते. त्यांत कडक उन्हाचा नियम १०० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ३८ सेल्सिअसला लागू होतो. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढे जातो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळाभर हा नियम चालूच. प्यायला पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो करायचा. पहिल्या तासाला लक्ष्य ५, पुढे तासागणिक एकाने वाढतं. अंगावर मध्यम किंवा जड चिलखत असेल तर दोन फासे टाकून कमी पडलेला धरायचा. पाचव्या पातळीच्या तगड्या फायटरची बेरीज +६ धरू. आठव्या तासाला लक्ष्य १२ होतं. चिलखत नसेल तर तो चारांत एकदा हरतो, प्लेट घातली तर जवळजवळ निम्म्या वेळा. प्रत्येक हारीला थकव्याची एक पायरी आणि सहाव्या पायरीला मृत्यू. बहुतेक डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, हा नियम विसरून जातात. उन्हाळ्यात इथले ओढे आटतात, उरलेल्या पाणवठ्यावर माणसाइतकाच वाघाचाही हक्क असतो, तेव्हा आपल्या डीएमनं हा नियम विसरू नये.

आता वाघ. मॉन्स्टर मॅन्युअलमधला वाघ आकड्यांनी किरकोळ आहे. आर्मर क्लास १२, हिट पॉइंट्स ३७, चॅलेंज रेटिंग १. पाचव्या पातळीची पार्टी त्याला दोन फेऱ्यांत लोळवेल. म्हणून खेळाडू त्याला हसतात आणि तिथंच फसतात. त्या पानावर मला महत्त्वाच्या वाटतात त्या दोन ओळी. एक, स्टेल्थ +६. दुसरी, पाउन्स. वाघ २० फूट सरळ रेषेत धावत आला आणि त्याचा पंजा लागला, तर समोरच्यानं स्ट्रेंग्थचा सेव्हिंग थ्रो १३ ला जिंकायचा. नाही जिंकला तर तो जमिनीवर, आणि त्याच दमात वाघाचा चावा. पंजा एकदा लागला की आर्मर क्लासचं काम संपतं. उभं कोण राहणार हे स्ट्रेंग्थ ठरवते. +६ असलेला रक्षक विसांत सहा वेळा पडतो. मागे चालणारा, स्ट्रेंग्थ ८ चा जादूगार विसांत तेरा वेळा पडतो. तुमच्या अंगावर प्लेट आहे म्हणून वाघ तुमच्याकडे येईल, असं तुम्हाला का वाटतं? तो त्या जादूगाराकडे जाईल.

हे फक्त नियमातलं नाही. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांना घेऊन व्याघ्रगणनेच्या चिन्ह सर्वेक्षणाला पायी निघाल्या होत्या. पुढे रस्त्यावर वाघीण बसलेली दिसली. ते थांबले. बराच वेळ वाट पाहिली. ती उठेना, तेव्हा वळसा घालून झाडीतून जायला निघाले. वाघीण त्यांच्या मागावर आली आणि सगळ्यात मागे असलेल्या वनरक्षकाला तिनं ओढून नेलं. थांबणं बरोबर होतं, अंतर राखणं बरोबर होतं, वळसा घेणंही बरोबर होतं. त्या दिवशी त्या चौघांची आघाडी त्यांच्या पाठीमागे होती. वनखात्यात वनरक्षक आणि वनमजुरांना फ्रंटलाइन स्टाफ म्हणतात. हे लोक रोज बीटवर पायी फिरतात, बहुतेक वेळा हातात काठी घेऊन. आपल्या पटावरच्या 'फ्रंटलाइन'ला त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि ते शिकताना आपण कुणाच्या जिवाबद्दल बोलतो आहोत याचं भान खेळातही सुटू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा पहिला आग्रह चालण्याच्या क्रमाचा. टँक पुढे, बाकीचे मागे ही रांग आपल्याला तळघरांनी शिकवली. तिथं दार समोर असतं, शत्रू दारातून येतो. जंगलाला दार नाही. चंद्रपूरकरांनी हे आपल्या परकोटाकडे बघूनही समजून घ्यावं. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर असे चार दरवाजे आणि गावाभोवती मैलोगणती भिंत, तरी मे १८१८ मध्ये कर्नल ॲडम्सच्या फौजेनं आपल्या सोयीची जागा निवडून तोफांनी भगदाड पाडलं आणि चांदा घेतलं. २०१७ पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी ज्या श्रमानं हा परकोट झाडाझुडपांतून मोकळा केला त्यामुळे तो आज चालत पाहता येतो. कुठून यायचं हे हल्ला करणारा ठरवतो. रक्षकानं रांगेत शेवटी चालावं, आणि पुढे वाट ओळखणारा दुसरा कुणी असावा.

दुसरा आग्रह नजरेचा, आणि इथं मी जास्त वेळ घेणार आहे, कारण टँक बांधणारे नेमके इथंच आकडे वाचवतात. विस्डम ८ वर टाकायचं आणि वाचलेले गुण स्ट्रेंग्थला द्यायचे, ही नेहमीची चाल. आता रक्षकाकडे दुसऱ्याला वाचवायची जी साधनं असतात ती बघा. प्रोटेक्शन फायटिंग स्टाइलमध्ये शेजारच्यावर होणारा हल्ला ढालीनं बिघडवता येतो. सेंटिनेलमध्ये निसटणाऱ्याला जागीच थांबवता येतं, शेजाऱ्यावर हल्ला करणाऱ्याला उलट घाव देता येतो. ही सगळी रिॲक्शनची कामं आहेत. रिॲक्शन फेरीत एकच, आणि हल्ला अचानक झाला असेल, म्हणजे तुम्ही सरप्राइज्ड असाल, तर तुमची पाळी होऊन जाईपर्यंत तीही नाही. प्रोटेक्शनला आणखी एक अट आहे, हल्ला करणारा तुम्हाला दिसला पाहिजे. वाघ पहिल्या झेपेलाच काम संपवतो. त्या झेपेच्या क्षणी ज्याला वाघ दिसलेला नाही, त्याची ढाल, त्याची फीट, त्याचा वीसचा आर्मर क्लास, सगळं कागदावरच राहतं.

आकड्यात सांगते. विस्डम ८ आणि पर्सेप्शनची तयारी नाही, तर पॅसिव्ह पर्सेप्शन ९. वाघाच्या फाशात +६ धरले तर विसांत दोनदाच तो नक्की दिसणार. विस्डम १४ आणि पर्सेप्शन घेतलेलं असेल तर पाचव्या पातळीला १५, म्हणजे विसांत आठ वेळा. तरीही बारा वेळा भीती उरतेच. ताडोबाच्या रस्त्यावर समोरच्या गवतात बसलेला वाघ गाइडनं बोट दाखवेपर्यंत ज्यांना दिसला नाही, त्यांना हा आकडा खराच वाटेल.

मग पात्र कोणतं घ्यायचं? मी बार्बेरियनचा पाया घेते. चिलखत लागत नाही, आर्मर क्लास १० मध्ये डेक्स्टेरिटी आणि कॉन्स्टिट्यूशन मिळवून होतो, ढाल चालते. साधा मानव, ठरलेल्या सहा आकड्यांतून कॉन्स्टिट्यूशन १६, स्ट्रेंग्थ १५, विस्डम १४, डेक्स्टेरिटी १३, करिष्मा ११, इंटेलिजन्स ९. चौथ्या पातळीला मिळणारे दोन गुण स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीत एकेक. आर्मर क्लास १७ झाला, अंगावर लोखंड नाही, ऊन सोसतं. पाचव्या पातळीला हिट पॉइंट्स ५५. रेजमध्ये पंजा-दातांची इजा निम्मी होते, शिवाय स्ट्रेंग्थचे सेव्हिंग थ्रो दोन फाशांतल्या जास्तीच्या फाशानं. पाउन्सवर याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. आणि या वर्गाची कौशल्यं पाहा: पर्सेप्शन, सर्व्हायव्हल, नेचर, ॲनिमल हँडलिंग. एखाद्या चांगल्या वनमजुराचं वर्णन वाटावं. स्ट्रेंग्थ १६ ला २४० पौंड उचलून चालता येतं, म्हणजे जखमी सोबत्याला रस्त्यापर्यंत आणता येतं. ही ओळ टँक बांधताना कुणी वाचत नाही.

तिसऱ्या पातळीला ॲन्सेस्ट्रल गार्डियन हा मार्ग घ्यावा. २०१७ च्या झॅनाथारच्या पुस्तकात तो आला. मुळात टँकसमोर जुनी अडचण आहे, शत्रूनं त्याला सोडून दुसऱ्याला का मारू नये? २००८ च्या चौथ्या आवृत्तीनं 'डिफेंडर' ही भूमिकाच वेगळी काढली आणि खूण केलेल्या शत्रूला दुसऱ्या कुणावर हल्ला करताना उणे २ लावले. ॲन्सेस्ट्रल गार्डियन त्याच्याही पुढे जातो. रेजमध्ये तुमचा पहिला घाव ज्याला लागला त्याला इतरांवर हल्ला करताना डिसॲडव्हान्टेज, आणि तरीही लागलंच तर इजा निम्मी. माझ्या पटावर काठीचा तडाखा किंवा जोरात वाजवलेली थाळीही मी घाव म्हणून धरते.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. या वर्गाचे आकडे घ्या, पण रागानं पिसाळलेला, पिसं खोवलेला रानमाणूस हे त्याचं चित्र आपल्याकडे आणू नका. गडचिरोलीत माडिया आणि गोंड आपले शेजारी आहेत, आपल्यासोबत शिकतात, नोकरी करतात, याच पटाभोवती बसतात. पूर्वजांच्या संरक्षणाची कल्पना सापडली म्हणून त्यांच्या पेन-श्रद्धेचा पोशाख पात्राला चढवायचा, हेही मला मान्य नाही. ती माणसांची चालू असलेली पूजा आहे. प्रेरणाच हवी असेल तर बाबुराव शेडमाके आहेत. १८५८ मध्ये इंग्रज फौजेशी लढताना गढीसुर्ल्याच्या टेकडीवरून त्यांच्या माणसांनी दगड लोटले. हातातल्या शस्त्रांपेक्षा चढाचा उपयोग मोठा होता. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. वय पंचवीसच्या आसपास. पटावर या इतिहासाचा उपयोग असा की रक्षकानं उभं कुठं राहायचं हे आधी ठरवावं. वाघाला २० फूट सरळ रेषा लागते. दोन सागांच्या मधे, बांबूच्या रांजीला पाठ लावून उभे राहा, पाउन्स जमणारच नाही.

आता करिष्मा. टँकवाले तो सर्रास ८ ठेवतात, मी ११ ठेवला, जमलं तर आणखी वाढवा. कारण या दोन जिल्ह्यांत रक्षकाचं सगळ्यात कठीण काम वाघासमोरचं नसतं. गावात वाघ शिरला की शेकडो माणसं जमतात, मोबाइल वर धरून पुढे सरकतात, आणि कोंडला गेलेला वाघ उसळतो. ताडोबाच्या बफरमधल्या गावांत पीआरटी म्हणून ओळखली जाणारी गावच्या तरुणांची दलं आहेत. ती वाघाकडे पाठ करून आपल्याच लोकांकडे तोंड करून उभी राहतात. मागे हटा, मुलांना आत घ्या, वाट मोकळी ठेवा. शेजाऱ्यांच्या, काका-मामांच्या शिव्या खात तासन् तास. असं एखादं दृश्य पटावर खेळून पाहा. वनखात्याची गाडी यायला अजून वेळ आहे, अंधार पडतो आहे, आणि पर्सुएजनचा फासा पुन्हा पुन्हा टाकायचा आहे. तिथं गोंडी, माडिया किंवा झाडीबोली येणारा रक्षक आर्मर क्लास २० वाल्याच्या कितीतरी पुढे जातो. भाषांच्या रकान्यात ड्रॅगनची भाषा लिहिण्याआधी याचा विचार व्हावा.

डीएमसाठी दोन शब्द. मोहिमेचा काळ नीट निवडा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत माणसं पहाटे वाकून काम करतात, तेंदूच्या दिवसांतही तेच, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघानं मारल्या. अशा घटनेवर खेळ बेतू नका, पण तोडणीला निघालेल्या बायकांसोबत रक्षकाला दिवसभर उभं राहू द्या, म्हणजे टिकणं काय असतं ते कळेल. पावसाळा घेतलात तर भामरागडकडे चला. पर्लकोटेला पूर आला की रस्ता तुटत आलेला आहे. तिथं लाँग रेस्ट मिळते पण मदत येत नाही. लाँग रेस्टनं हिट पॉइंट्स भरून येतात, हिट डाइस मात्र निम्मेच परत मिळतात. पाच-सहा दिवस सलग झीज होत राहिली की पाचव्या पातळीचा बलदंड रक्षकसुद्धा जपून पावलं टाकायला लागतो.

अनुभवगुणांचं काय, हा प्रश्न दर वेळी येतो. पुस्तकात वाघ मारल्याचे २०० आहेत. माझ्या पटावर ते शून्य. वाघ आपल्या वाटेनं निघून गेला तर २०० पूर्ण, आणि सोबत नेलेल्यांपैकी संध्याकाळी घरी पोचलेल्या प्रत्येकामागे आणखी ५०, मग तो खेळाडूचं पात्र असो की गावातली म्हातारी.