धुराचे इंधन आणि ऊर्जेचा जमाखर्च

कारखान्यांच्या व वीजकेंद्रांच्या धुराड्यांतून निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेत जाऊ न देता त्याचेच पुन्हा इंधन करता येईल काय, या प्रश्नावर आज जगातील अनेक प्रयोगशाळांत काम चालू आहे. दाबविद्युत पदार्थांचा उत्प्रेरक म्हणून उपयोग हा त्यातील एक नवा मार्ग. संशोधकांची त्याविषयीची आशा रास्त आहे. परंतु अशा आशेची उद्योगपतींच्या हाती सबब होण्यास वेळ लागत नाही. म्हणून हा विषय आपल्या कार्यकर्त्यांनीही समजून घेतला पाहिजे.

काही स्फटिकांवर दाब दिला असता त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार निर्माण होतो, हा शोध पिअर क्यूरी व त्यांचे बंधू झाक यांनी 1880 साली लावला. खटका दाबताच गॅसच्या लायटरमधून उडणारी ठिणगी याच गुणधर्माची. बेरियम टायटनेटसारख्या पदार्थाची भुकटी पाण्यात कालवून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि श्राव्यातीत ध्वनिलहरींनी ते मिश्रण हादरवतात. हादऱ्यांनी कणांवर विद्युतभार जमतो, त्यातील इलेक्ट्रॉन त्या वायूला मिळतात आणि त्याचे क्षपण होऊन कार्बन मोनॉक्साइड किंवा मिथेन यांसारखे ज्वलनशील वायू तयार होतात. वाहते पाणी, यंत्रांची धडधड यांत वाया जाणारी शक्ती अशा रीतीने कामी यावी, हे या पद्धतीचे आकर्षण.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जमाखर्च मांडला पाहिजे. उत्प्रेरक वाट सुकर करतो. वाटखर्च भरत नाही. औष्णिक केंद्र कोळसा जाळून एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते, तेव्हा सुमारे 1,000 युनिट वीज आपल्या हाती येते. तोच एक टन वायू कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलायचा, तर कोठेही गळती होत नाही असे गृहीत धरूनही 1,600 युनिटांहून अधिक ऊर्जा लागते. हा निसर्गाचा दर आहे. कोणत्याही उत्प्रेरकाला तो कमी करता येत नाही. ही ऊर्जा कोळशाच्या विजेतून घेतली, तर एक टन वायू नाहीसा करताना दीड टनाहून अधिक नवा वायू हवेत जाईल. ती सूर्यापासून घेतली, तर तीच वीज थेट वापरून तेवढा कोळसा जाळणेच का टाळू नये? शिवाय तयार झालेले इंधन जाळताच वायू पुन्हा हवेत जातो, तो वेगळाच.

वाया जाणाऱ्या कंपनांना मोल पडत नाही, असे यावर कोणी म्हणेल. पण ती कंपने विखुरलेली आणि क्षीण असतात. आज प्रयोगशाळेत जी कंपने वापरतात ती बहुधा विजेवर चालणाऱ्या यंत्राचीच असतात. उत्पादनाचे मापही ग्रॅमभर उत्प्रेरकामागे ताशी मायक्रोमोलचे. शंभर मायक्रोमोल कार्बन डायऑक्साइड म्हणजे साडेचार मिलिग्रॅमसुद्धा नाही. धुराड्यांचा हिशेब मात्र टनांत करावा लागतो.

मग हे संशोधन थांबवावे काय? मुळीच नाही. सिमेंटच्या भट्टीत चुनखडीतूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. इंधन बदलूनही तो टळत नाही. अशा ठिकाणी उद्या या विद्येची गरज पडेल. म्हणून शासनाने त्यावर पैसा खर्च करावा. परंतु लोकांच्या पैशाने मिळालेले ज्ञान लोकांच्या मालकीचे राहिले पाहिजे. पिअर आणि मारी क्यूरी यांनी रेडियम वेगळे करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले नाही, हे या संदर्भात विसरू नये.

प्रश्न आहे तो धोरणाचा. नीती आयोगाने 2022 साली कार्बन पकडून वापरण्यासंबंधीची धोरणचौकट प्रसिद्ध केली. निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याची भारताने 2021 साली ग्लासगो येथे जाहीर केलेली मुदत 2070 ची आहे. ही मुदत लांबची असल्याने, ‘पुढे विज्ञान मार्ग काढील’ असे सांगून आज नवी कोळसा केंद्रे उभारण्याचा आणि त्यासाठी सरकारी अनुदान मिळवण्याचा मोह प्रबळ होणार. शिवाय उत्प्रेरक उद्या यशस्वी झाला तरी राख उरतेच. चंद्रपूर-कोराडीच्या परिसरातील माणसांच्या छातीत जाणारी धूळ त्याने थांबणार नाही.

तेव्हा आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कार्बनच्या पुनर्वापराची कोणतीही योजना अनुदान मागेल, तेव्हा तिने ऊर्जेचा पूर्ण जमाखर्च जाहीर करावा. सार्वजनिक पैशातील संशोधन सर्वांना खुले असावे. आणि कोळसा कमी होत जाईल तसतसा खाणीतील व वीजकेंद्रातील कामगाराच्या, विशेषतः कंत्राटी कामगाराच्या, पर्यायी रोजगाराची हमी आजच कायद्याने द्यावी. ही हमी नसेल, तर कोळशाच्या मालकांना आपल्या बचावासाठी कामगारालाच पुढे उभे करता येईल, आणि त्या वेळी त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.