उत्तराविण सल्ला

सार्वजनिक जीवनांत एखाद्या दुःखाचा बोभाटा फारच झाला म्हणजे त्याच्या निवारणार्थ एक समिति नेमण्याची रीत आपल्याकडे चांगलीच रूढ झाली आहे. गटारांत उतरलेला मजूर गुदमरून मेला, नेमा समिति. फेरीवाल्यांच्या हातगाड्या उधळल्या गेल्या, नेमा समिति. अपंगांस कचेरीच्या पायऱ्या चढतां येत नाहींत, नेमा समिति. समितींत चार प्रतिष्ठित गृहस्थ, एकदोन विदुषी आणि ज्यांचें दुःख असेल त्यांच्यांतला एखादा इसम, असे सभासद घेतले जातात. बैठकी होतात, चहापान होतें, अहवाल लिहिला जातो, तो समारंभपूर्वक सादरही होतो. आणि पुढें त्याचें काय झालें हें विचारण्याची चाल नाहीं. समता व मानवी हक्क यांसंबंधानें नगरांच्या कारभाऱ्यांना सल्ला देण्याकरितां ज्या समित्या असतात, त्यांपैकीं बहुतेकींची कुळकथा हीच आहे. अशा समित्या असाव्या कीं नसाव्या, हा आमचा प्रश्न नव्हे. ज्या सल्ल्यास उत्तर देण्याचें बंधन कोणावरही नाहीं, त्याला सल्ला म्हणावें काय, हा आमचा प्रश्न आहे. आणि आमच्या मतें त्याला सल्ला म्हणतां येत नाहीं.

आपल्या नगरसंस्थांच्या इतिहासांत या गोष्टीचें ढळढळीत उदाहरण महाडचें आहे. सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेंच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस मोकळे असावेत, अशी त्यांत शिफारस होती. 'शिफारस' हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. तिला अनुसरून महाडच्या म्युनिसिपालिटीनें ५ जानेवारी १९२४ रोजीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव केला. पुढें तीन वर्षें त्या ठरावास कोणीं धक्का लावला नाहीं, कारण विरोधाच्या भीतीनें ज्यांच्यासाठीं तो केला होता त्यांना त्या तळ्याकडे फिरकतांच आलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं लोक तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्याच दिवशीं त्यांच्यावर लाठ्या चालल्या, मागाहून तळ्याची 'शुद्धि' करण्यांत आली, आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजीं म्युनिसिपालिटीनें आपला १९२४ चा ठराव मागें घेतला. बोले यांच्या ठरावास बरोबर चार वर्षें पुरीं झालीं, तो हा दिवस! पुढें प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि हक्क कायम होण्यास हायकोर्टाच्या १७ मार्च १९३७ च्या निकालापर्यंत वाट पाहावी लागली.

या हकीकतींतून घ्यावयाचा बोध असा कीं, तो ठराव निरुपद्रवी होता तोंवर टिकला. माणसांच्या ओंजळींत तळ्याचें पाणी आलें त्या दिवसापासून तो नकोसा झाला. कागदावरची समता कोणासही जड होत नाहीं. उलट ती ठराव करणारांस थोडा मोठेपणाही देऊन जाते. तिचें मोल मोजण्याची वेळ येते, तेव्हांच संस्थेचें मन कळतें. म्हणून एखाद्या नगरसंस्थेनें किती उदार ठराव केले अथवा किती समित्या नेमल्या, यावरून तिची परीक्षा करूं नये. त्यांतले चालते किती झाले, हें पाहावें. तथापि महाडच्या ठरावाचा कांहींच उपयोग झाला नाहीं, असेंही नाहीं. तो लेखी होता म्हणूनच लेखी मागें घ्यावा लागला, आणि तो मागें घेतांना सभेंतील बहुमताचें खरें रूप चवाठ्यावर आलें. कागदाचा हा गुण आम्हांस पुढें उपयोगीं पडणार आहे.

स्वातंत्र्य आलें तेव्हां ही स्थिति पालटेल, असें वाटणें साहजिक होतें. परंतु नगरांतील सर्वांत हीन लेखलेल्या कामाची कथा पाहा. मैला वाहणाऱ्या कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठीं मुंबई सरकारनें १९४९ सालीं बर्वे समिति नेमली. तिचा अहवाल १९५२ सालीं आला. त्यांतील मुख्य शिफारशी केंद्रीय गृहखात्यानें १९५५ सालीं सर्व राज्यांस धाडल्या. १९५७ सालीं मलकानी यांच्या अध्यक्षतेखालीं दुसरी समिति बसली. तिनें १९६० सालीं अहवाल दिला. १९६५ सालीं त्यांच्याच अध्यक्षतेखालीं आणखी एक समिति नेमण्यांत आली. हे सर्व अहवाल लिहिणारे लोक कळकळीचे होते, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं. पण मैला वाहण्यास मनाई करणारा कायदा होण्यास १९९३ साल उजाडलें. आणि तोही पुरा पडेना म्हणून २०१३ सालीं दुसरा करावा लागला. पहिल्या समितीपासून पहिल्या कायद्यापर्यंत चव्वेचाळीस वर्षें गेलीं. एवढ्या काळांत टोपली बापाच्या डोक्यावरून मुलाच्या डोक्यावर गेली आणि मुलाच्या डोक्यावरून नातवाच्या. शेवटीं सर्वोच्च न्यायालयास २७ मार्च २०१४ रोजीं सांगावें लागलें कीं, १९९३ पासून गटारांत मेलेल्या प्रत्येक कामगाराच्या कुटुंबास दहा लाख रुपये द्यावे. आणि २० ऑक्टोबर २०२३ रोजीं त्याच न्यायालयानें ही रक्कम तीस लाखांवर नेली. जें काम सल्ल्यानें, माणूस जिवंत असतांना व्हावयाचें, तें त्याच्या मरणानंतर भरपाईच्या हुकुमानें होऊं लागावें, यापरतें सल्लागार समित्यांचें अपयश तें कोणतें?

आतां २०१३ च्या या कायद्यानेंही एक समिति निर्माण केली आहे, तिचा घाट पाहण्यासारखा आहे. प्रत्येक जिल्ह्यांत व उपविभागांत दक्षता समिति असावी व ती दर तीन महिन्यांतून निदान एकदां भरावी, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पण जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सफाई कामगारांची बाजू मांडणारे समाजसेवक चारांहून अधिक नाहींत, आणि तेही जिल्हाधिकाऱ्यांनींच नेमलेले. कायद्याचा अंमल नीट व्हावा म्हणून काय करावें, हा सल्ला द्यावयाचा तोही जिल्हाधिकाऱ्यांसच! म्हणजे ज्यानें सल्ला ऐकावयाचा, त्यानेंच सल्लागार निवडावयाचे आणि त्यानेंच त्यांच्या सभेचें अध्यक्षस्थान भूषवावयाचें. लग्नांत वरपक्ष व वधूपक्ष या दोहोंकडूनही एकाच गृहस्थानें बोलणीं करावीं, तसला हा प्रकार आहे. असा अधिकारी मनाचा थोर असेल तर काम होतेंही. परंतु एका माणसाच्या थोरवीवर ज्याचें चालणें अवलंबून, त्याला हक्क न म्हणतां कृपा म्हणावें लागेल.

याच्या पुढच्याच वर्षीं, म्हणजे २०१४ सालीं, पथविक्रेत्यांसंबंधींचा कायदा झाला. त्यांतील नगर पथविक्रेता समितीची रचना पुष्कळ बरी आहे. तींत निदान शेंकडा ४० सभासद खुद्द विक्रेते असले पाहिजेत, ते विक्रेत्यांनींच निवडून दिलेले असले पाहिजेत, आणि त्यांत एकतृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत. अध्यक्षपद येथेंही आयुक्तांकडेच आहे. तरी निवडून आलेल्या भाजीवालीला आयुक्तांच्या मर्जीची गरज पडत नाहीं, हा भेद लहान नव्हे. सर्वेक्षण पुरें होऊन विक्रीचें प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणासही जागेवरून उठवूं नये, असेंही तो कायदा म्हणतो. एक कायदा फेरीवाल्यास आपला प्रतिनिधि निवडूं देतो व दुसरा गटारांत उतरणाऱ्यास देत नाहीं, याचें समर्थन काय? एकाला आपलें हित कळतें व दुसऱ्याला कळत नाहीं, असें म्हणणाराची गांठ घेण्यास आम्ही उत्सुक आहों.

या ठिकाणीं दोन बाजूंनीं दोन आक्षेप येतात. पहिला आक्षेप कारभारी मंडळींचा. ते म्हणतात, नगराचा कारभार लोकांनीं निवडून दिलेल्या सभागृहानें करावयाचा; सल्लागारांच्या हातीं सत्ता दिली तर लोकशाहीचा पायाच ढासळेल. ऐकावयास हें भारदस्त वाटतें. परंतु मुंबई व पुणें येथील महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ तेथें निवडून दिलेलें सभागृहच नव्हतें, प्रशासकांचा कारभार होता. त्या काळांत हा लोकशाहीचा कळवळा कोठें होता? शिवाय सल्लागारांस सत्ता द्या, असें आम्ही म्हणतच नाहीं. सल्ला नाकारण्याचा अधिकार सभागृहाकडे खुशाल राहावा. आमचें मागणें एवढेंच कीं, तो नाकारावयाचा तर तोंडानें नाकारावा, कारण सांगून नाकारावा, आणि ठरलेल्या मुदतींत नाकारावा. मौन धरून नाकारण्याची सोय तेवढी बंद व्हावी.

हें मागणें अपूर्व नाहीं. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्यान्वयें स्थापन झालेल्या आयोगांची शिफारसही सरकारवर सक्तीची नाहीं. तरीपण त्या कायद्याच्या १८ व्या कलमांत एवढें आहे कीं, आयोगाचा अहवाल आल्यापासून एक महिन्यांत, किंवा आयोग देईल त्या वाढीव मुदतींत, आपण काय केलें वा काय करणार हें सरकारनें कळवावें, आणि आयोगानें अहवाल व तें उत्तर दोन्ही प्रसिद्ध करावीं. जी शिस्त राज्यसरकारला घालतां येते, ती नगराच्या आयुक्तांस घालण्यांत कोणता अनर्थ ओढवणार आहे? २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानें तर चौथ्या कलमांत निम्मी वाट मोकळी करून ठेविली आहे. सल्ल्यासाठीं कोणकोणत्या समित्या आहेत, त्यांच्या सभांस लोकांस जातां येतें कीं नाहीं, व त्यांचीं इतिवृत्तें पाहावयास मिळतात कीं नाहींत, हें प्रत्येक सार्वजनिक संस्थेनें होऊन जाहीर करावयाचें आहे. आपल्या निर्णयांचीं कारणें ज्यांना त्यांची झळ लागते त्यांस कळवावयाचीं आहेत. वाचकांनीं आपल्या गांवच्या नगरपालिकेंत जाऊन ही यादी मागून पाहावी. मिळालेल्या उत्तरावरून पुष्कळ बोध होईल.

दुसरा आक्षेप तरुण व तापट मंडळींचा. त्यांचें म्हणणें, या समित्या म्हणजे निव्वळ धूळफेक. त्या मोडून टाकाव्या आणि रस्त्यावर उतरावें. त्यांच्या संतापाबद्दल आम्हांस आदर वाटतो, पण निष्कर्ष पटत नाहीं. महाडास लोक रस्त्यावर उतरले ते रिकाम्या हातांनीं नव्हे; कौन्सिलचा ठराव व म्युनिसिपालिटीचा ठराव हे दोन्ही कागद त्यांच्यामागें उभे होते. आपण कोणाचें कांहीं हिरावून घेत नसून मान्य झालेला हक्क बजावीत आहों, असें त्यांना त्यामुळेंच म्हणतां आलें. ज्या नगरांत दुःखाची नोंदच नाहीं, तेथें लढणारास प्रत्येक वेळीं पहिल्यापासून आरंभ करावा लागतो. समिति मोडून कारभाऱ्यांची अडचण होत नाहीं, उलट सोयच होते.

तेव्हां करावयाचें तें इतकेंच. समता व हक्क यांविषयींच्या प्रत्येक नगरसमितींत ज्यांचा प्रश्न असेल त्यांनीं आपले प्रतिनिधि आपण निवडावे, व अध्यक्ष सल्ला घेणारांपैकीं नसावा. समितीच्या प्रत्येक शिफारशीस ठराविक मुदतींत सकारण लेखी उत्तर मिळावें, आणि तें सर्वसाधारण सभेंत वाचलें जावें. शिफारस, उत्तर व सभेचें इतिवृत्त हीं तिन्ही कोणाही नागरिकास मागितल्यावांचून पाहावयास मिळावीं. यांस खर्च जवळजवळ नाहीं. १ जून १९९३ पासून अमलांत आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकांकडे सोंपविण्याजोग्या अठरा विषयांची यादी घटनेस जोडली आहे. तींत समाजांतील दुर्बल वर्गांच्या, अपंगांसुद्धां, हितरक्षणाचा विषय स्पष्ट शब्दांनीं दिला आहे. दिवाबत्ती व रस्ते यांच्याच पंक्तीला तो बसविलेला आहे. रस्त्यांवरचे दिवे गेले तर आपण दुसऱ्या दिवशीं तक्रार करतों. मग या विषयावरच्या अंधाराबद्दल तक्रार कोणीं करावयाची?

येथें आम्हांस आपल्या मध्यमवर्गीय वाचकांशींही दोन शब्द बोलणें प्राप्त आहे. या समित्यांवर जाणारी मंडळी बहुधा आपल्यांतलीच असते. समितींत नांव येणें हा मान आहे असें आपल्याला वाटतें, आणि मान मिळाल्यावर उत्तर मागणें असभ्यपणाचें वाटूं लागतें. सायंकाळीं ज्या फेरीवालीकडून आपण घासाघीस करून भाजी घेतों, तिला पदपथावरून हुसकावण्याच्या अर्जावर दुसऱ्या सकाळीं सहीही आपणच करतों. सोसायटीची टाकी उपसण्यास येणारा माणूस कोणत्या साधनांनिशीं आंत उतरतो, हें पाहावयास आपण खालीं जात नाहीं. त्याला किती पैसे द्यावयाचे एवढेंच विचारतों. नगराचे कारभारी उत्तर देत नाहींत याचें एक कारण असें कीं, आपण तें मागत नाहीं. आणि आपण मागत नाहीं, कारण आलेलें उत्तर कदाचित् आपल्याच दाराशीं येऊन थांबेल अशी आपणांस धास्ती असते.

ज्या सद्गृहस्थांस वा गृहिणींस यापुढें अशा समितीचें आमंत्रण येईल, त्यांनीं तें अवश्य स्वीकारावें. मात्र स्वीकारण्यापूर्वीं एकच प्रश्न लेखी विचारावा: आमच्या शिफारशींस उत्तर कोण देणार, आणि किती दिवसांत? या प्रश्नाचें उत्तर येईपर्यंत पहिल्या बैठकीची तारीख घेऊं नये.