हायस्कुलाची पायरी चढताना



७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, इंग्रजी पहिलीच्या वर्गात एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' अशी ती नोंद आहे. २०१७ सालापासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. मुलाच्या बुद्धीचे गोडवे आपण सर्वच गातो. परंतु त्या नोंदीमागे उभ्या असलेल्या बापाची आठवण फार थोडे ठेवतात. पुढे मुंबईस परळच्या एका खोलीत संसार असताना सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवीत आणि रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. पुस्तकासाठी पैसे नसले तर लेकीचे दागिने मागून आणून गहाण ठेवीत. चरित्रकारांनी नोंदविलेल्या या गोष्टी आपल्याला काय सांगतात? मुलगा हायस्कुलात जातो तेव्हा खरी परीक्षा आईबापांची असते, हेच ना?

ही परीक्षा आज यवतमाळ जिल्ह्यातील आपल्या घरांपुढे उभी आहे. गावची शाळा कोठे चौथीला संपते, कोठे सातवीला. पुढे मुलाला पुसद, वणी, दारव्हा, घाटंजी अशा तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या हायस्कुलाची वाट धरावी लागते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात, आणि नेमका तोच पेरणीचा हंगाम असतो. घरातला पैसा बी-बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. पुढे दसरा सरला की कापसाची वेचणी लागते आणि हात कमी पडतात. मग पहिली वही मुलीची मिटते.

येथे कायदा आपल्याला कोठवर साथ देतो, हे नीट समजून घ्यावे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत आणि हक्काचे करतो. तोवर दाखला मिळण्यास उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी वा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. मुलाला मारणे किंवा त्याचा मानसिक छळ करणे यांसही हा कायदा मनाई करतो. नववीच्या उंबरठ्यावर मात्र या कायद्याचे छत्र संपते. तेथून पुढे मुलाचा पहिला राखणदार आपणच. म्हणून आठवीच्या आतच आपली तयारी पूर्ण झाली पाहिजे.

पहिली तयारी नोंदीची. प्रवेशाचा अर्ज शेजाऱ्याच्या हाती किंवा मुलाच्याच हाती देऊन मजुरीला जाऊ नका. एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल, स्वतः जा. नाव, जन्मतारीख, धर्म आणि जात हे रकाने वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखविण्यास सांगा. त्यात कमीपणा नाही. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' असे निःसंकोच लिहा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे मिळविले, ते कागदावर लपविण्याचे कारण नाही. जातीचा रकाना मात्र वेगळा आहे. कित्येक कुटुंबांनी अभिमानाने तेथेही 'बौद्ध' एवढेच लिहिले. त्यांची भावना आम्ही जाणतो. जी जात टाकली तिचे नाव पुन्हा लिहिताना हात अडखळतो. परंतु हा रकाना आपल्या श्रद्धेची साक्ष मागत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्या कारणाने अन्याय झाला, त्याचा पुरावा तो मागतो.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाण यांच्या सरकारने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या. केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान मिळण्यास १९९० साल उजाडले. हा हक्क सिद्ध करताना धर्मांतरापूर्वीची अनुसूचित जात दाखवावी लागते, आणि त्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल-बुकातील जन्ममृत्यूची नोंद, हे कागद आजच शोधून ठेवा. आमच्या टेबलापुढे असे पक्षकार बसले आहेत, की मुलाला गुण भरपूर, पण बापाच्या दाखल्यावर एक शब्द आणि मुलाच्या दाखल्यावर दुसरा. प्रवेशाची मुदत दारात उभी आणि घरचे लोक कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत आहेत! मूल शाळेत असतानाच चूक दुरुस्त करून घ्या. शाळा सुटल्यावर तेच काम दसपट अवघड होते.

दुसरी तयारी वेळेची. प्राथमिक शाळेत एकच गुरुजी बहुतेक सारे शिकवितात. हायस्कुलात तासातासाला शिक्षक बदलतो, आणि इंग्रजी व गणित यांचा भार एकदम वाढतो. रोज दोन तास न बसणारे मूल तेथे मागे पडते. मग त्याला शाळेची लाज वाटू लागते, आणि ते आपणहून शेताकडे वळते. आपण म्हणतो, पोराला शिक्षणाची आवड नाही. त्याला बसायला जागा आणि वेळ आपण दिला होता काय? घरात जागा नसेल तर विहारात सायंकाळी दिवा लावून सर्व मुलांना एकत्र बसवा. गावातला एखादा शिकलेला तरुण देखरेखीला असावा. जयंतीची वर्गणी आपण आनंदाने काढतो. त्याच हाताने दिव्याचे आणि वह्यांचे पैसेही निघोत. वेचणीच्या दिवसांत मुलीला घरी ठेवण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. तिने वेचलेल्या कापसाचा पैसा हंगामाबरोबर संपेल. तिची बुडालेली इयत्ता जन्मभर पुरेल.

तिसरी तयारी धीराची. मुलाला सांगा, की वर्गात न समजलेले विचारणे हा त्याचा अधिकार आहे. कोणी जातीवरून बोलले तर ते घरी येऊन सांगावे, मनात गिळू नये; आणि सांगितले तर आपण मुख्याध्यापकांकडे जाऊ, असा भरवसा त्याला द्या. आधी शांतपणे भेटा. ऐकले नाही तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. शासनाच्या ज्या सोयी आहेत त्याही मागून घ्या. मुलींसाठी सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे, ग्रामीण विद्यार्थिनींना एस.टी.चा मोफत पास आहे, समाजकल्याण खात्याची वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या निवासी शाळा आहेत. ही भीक नव्हे. आणि न मागितलेला हक्क घरपोच येत नाही.

आपल्या वाडवडिलांना शाळेच्या दाराबाहेर बसावे लागले. आज दार उघडे आहे. पण ते ओलांडताना मुलाचा हात कोणाच्या हातात आहे, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. बाबासाहेबांची तसबीर प्रत्येक घरात आहे. आता प्रत्येक घरात एक रामजीही हवा. येत्या जूनच्या अखेरीस पेरणी एक दिवस थांबवा, धुतलेले कपडे घाला आणि मुलाला किंवा मुलीला घेऊन हायस्कुलाच्या पायरीशी उभे राहा.

जयभीम!