देणाऱ्याचे नाव नाही, मत देणाऱ्याचेही नाही!

कामगार बंधू-भगिनींनो,

रेल्वेच्या १९६६ च्या आणि टपाल खात्याला लागू असलेल्या १९६४ च्या आचरण नियमांतला नियम ५ आपल्या ओळखीचा आहे. राजकीय कामाला वर्गणी देण्याची आपल्याला बंदी आहे. पाच रुपयांची पावती फाडली तरी चार्जशीटची भीती!

थैलीशहांना मात्र २०१७ च्या वित्त कायद्याने रान मोकळे करून दिले. त्यापूर्वी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी देता येई. ती मर्यादा उडवली. २०१८ पासून १ कोटीपर्यंतचे निवडणूक रोखे निघाले आणि देणाऱ्याचे नाव झाकले गेले. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने हे सारे घटनाबाह्य ठरवले. तोवर सहा वर्षे उलटली होती.

आम्हाला सांगतात, देणगीदार विचार पाहून देतो, मत विकत घेत नाही. मग नाव का लपवले? मार्च २०२४ मध्ये याद्या उघड झाल्या, तेव्हा एकमेकांविरुद्ध लढणाऱ्या पक्षांना एकाच कंपनीने रोखे दिल्याचे दिसले. यात विचार कोणता? हा तर धंदा!

तेलीबांध्यापासून राजनांदगाव जवळच. तिथले प्रदीप गांधी, जळगावचे वाय. जी. महाजन, एरंडोलचे अण्णासाहेब एम. के. पाटील यांच्यासह ११ खासदारांना प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्याबद्दल संसदेने २३ डिसेंबर २००५ ला काढून टाकले. योग्यच केले. पण त्या रकमा रोख्यांपुढे चणेफुटाणे होत्या. किरकोळ घेणाऱ्याला शिक्षा, ठोक व्यवहाराला कायद्याचे संरक्षण, हा कुठला न्याय?

मोठ्या देणगीदाराला एकेक खासदार गाठावा लागत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून व्हिप मोडला तर खासदारकी जाते. म्हणून थैली थेट पक्षाच्या दारात रिकामी होते. हात वर करणारे आपोआप मिळतात.

आणि हात कोणी वर केला, तेही आपल्याला कळू देत नाहीत. सप्टेंबर २०२० मध्ये बहुतेक विरोधकांचा बहिष्कार असताना तीन कामगार संहिता दोन दिवसांत दोन्ही सभागृहांत आवाजी मतदानाने मंजूर झाल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या आपल्या मानेवर बसल्या. आपल्या खासदाराने काय केले, याची नावानिशी नोंद नाही.

बंधूंनो, मालगाडीच्या पावतीवर पाठवणारा कोण, घेणारा कोण, हे लिहावे लागते. रजिस्टर पत्रावर २०२५ पर्यंत दोन्ही पत्ते लागत. देशाचा कायदा मात्र बेनामी चालतो!

आमची युनियन अमक्या पक्षाला मत द्या असे सांगणार नाही. आमच्या मागण्या दोनच. कामगारांविषयीच्या प्रत्येक विधेयकावर नावानिशी मतदान घ्या. प्रत्येक पक्षाने देणगीदारांची यादी मतदानापूर्वी जाहीर करावी. जो उमेदवार दारात येईल, त्याला हेच दोन प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. तेलीबांध्याच्या चौकसभेपासून आम्ही सुरुवात करत आहोत.

वर्गणी द्यायची आपल्याला बंदी आहे, हिशेब मागायची नाही!

कामगार एकजुटीचा विजय असो!