अक्षरं तोडू नका

ई-अंकाच्या मुखपृष्ठावर शीर्षक टाइपरायटरसारखं एकेक अक्षर उमटत यावं, असं पुष्कळांना वाटतं. स्टाइलशीटमध्ये तशी सोय आहे. की-फ्रेम्समध्ये ओळीची रुंदी शून्यापासून पूर्ण करायची आणि 'स्टेप्स'ने तिचे समान टप्पे पाडायचे. इंग्रजीत समान रुंदीचा फॉन्ट घेतला की एका टप्प्याला एक अक्षर येतं. मराठीत मात्र हे फसतं.

आपल्या 'लोंढा'चंच बघा. डोळ्यांना अक्षरं दोन, पण युनिकोडमध्ये चिन्हं पाच: ल, ओकाराची मात्रा, अनुस्वार, ढ आणि काना. पाच टप्पे केले तर काप भलतीकडेच पडतो. 'ढ' अर्धाच दिसतो, काना मागाहून येतो. वाचणारा म्हणेल, या पोरांना शुद्धलेखनच येत नाही! सीमाभागात जिद्दीनं मराठी लिहिणाऱ्यांनी हा शिक्का का मारून घ्यावा?

माझं मत सरळ आहे. हलवायचंच तर अख्खा शब्द हलवा. 'ओपॅसिटी' 0 वरून 1 वर न्या, एका सेकंदात आणि एकदाच. चार-पाच ओळींचं काम आहे. जड जीआयएफ लागत नाही, त्यामुळे कॅसल रॉककडे जाणाऱ्या गाडीत रेंज कमी असली तरी पान लवकर उघडतं. काहींना हलत्या पडद्यानं गरगरतं, म्हणून ते फोनमध्ये हालचाल कमी ठेवतात. त्यांच्यासाठी अ‍ॅनिमेशन बंद करणारी मीडिया क्वेरीही लिहा.

आणि कवितेच्या पानावर काहीच हलवू नका. तिथं वाचणाऱ्याला निवांतपणा हवा असतो.