सीमेवरचा किल्ला आणि नव्या नियमांचे कारभारी

सीमा हा शब्द कानावर पडला, की आमच्या भागातला माणूस कान टवकारतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो, वाचक हो, हा लेख त्या सीमेविषयी नाही. तो एका कागदी किल्ल्याविषयी आहे, आणि त्या किल्ल्यावर झालेल्या अन्यायाविषयी आहे. अन्याय करणाऱ्यांत मीही होतो. म्हणूनच बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ आणला. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. ‘मी दार ढकलतो’, ‘मी दिवा वर धरतो’ असे बोलत बोलत खेळ पुढे सरकतो आणि अडेल तिथे फासे टाकायचे. सूत्रधारासाठी तयार संहिता मिळतात. त्यांतली एक फार गाजलेली म्हणजे गायगॅक्स यांचीच ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’. १९७९-८०च्या सुमाराला आलेली. सीमेवर एक किल्ला, पलीकडे दरी, दरीच्या अंगाला गुहाच गुहा, आणि गुहेगणिक वेगळी टोळी. १९८६ साली इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात ती मी झेरॉक्स प्रतीवर खेळलो. वीस बाजूंचा फासा आम्हाला कोण देणार? बिस्किटाच्या डब्यात वीस चिठ्ठ्या घालून आम्ही डबा खळखळवत असू.

गेल्या मे महिन्यात भाचा आपले तीन मित्र घेऊन आला. त्यांच्याजवळ २०१४ सालची नियमपुस्तके होती. मी हौसेने दोन रात्री जागलो आणि त्या गुहांतल्या एकूण एक प्राण्याचे आकडे नव्या नियमांत बसवले. एक दालन गाळले नाही, एक नाणे कमी केले नाही. आणि तरी तो किल्ला माझ्या हातून मेला. पोरांनी एका दुपारी दोन गुहा कापून काढल्या, खेळातल्या खेळात रात्रभर झोप घेतली आणि ठणठणीत होऊन तिसरीत शिरली. शेवटी भाचा म्हणाला, “मामा, सगळे मेले की. आता काय?” मला उत्तर सुचले नाही.

उत्तर हिशेबात होते. जुन्या नियमांत पात्राची बढती मुख्यतः मिळवून आणलेल्या धनावर होई. एक सोन्याचे नाणे सुखरूप बाहेर आणले की एक अनुभवगुण. टॉम मोल्डवे यांनी १९८१ साली संपादित केलेल्या नियमांत एक गॉब्लिन मारला तर मिळत अवघे पाच. आता त्या गुहांत एक भाडोत्री ओगर आहे. गॉब्लिनांवर संकट आले की ते त्याच्यापुढे २५० नाण्यांची थैली टाकतात आणि तो मदतीला धावतो. ही एक थैली म्हणजे पन्नास गॉब्लिनांच्या मुंडक्यांची किंमत! आणि हा ओगर एकनिष्ठही नाही. दुसऱ्या टोळ्यांनी त्याला पूर्वी फोडलेले आहे, असे संहितेतच लिहिले आहे. मग शहाणा माणूस काय करील? लढेल, की बोलणी करील?

नव्या हिशेबात तीच थैली बढतीच्या कामी शून्य. एका गॉब्लिनाचे गुण पन्नास, आणि पहिली बढती तीनशेला. म्हणजे सहा गॉब्लिन मारले की एका पात्राचे काम झाले. बढतीच्या इतर वाटाही त्या पुस्तकात दिल्या आहेत, हे मान्य. पण ठळक कोष्टक मारण्याचे आहे आणि पोरे कोष्टकच वाचतात. त्यांना दोष कसला द्यायचा? ज्या कामाला बक्षीस लावाल तेच काम माणसे करतात.

बाकीचेही तसेच. १९८१च्या नियमांत शत्रू समोर आला की सूत्रधार दोन फासे टाकी. दोन पडले तर हल्ला, बारा पडले तर मैत्री, आणि मधले बहुतेक आकडे म्हणजे ‘पाहू या काय म्हणतात’. जखम भरायला पूर्ण दिवस विश्रांती घेतली तर एक ते तीन गुण परत मिळत. २०१४च्या नियमांत आठ तासांच्या झोपेनंतर सगळे गुण परत. चोरकप्पा कुठे आहे हे पूर्वी आम्ही बोलून शोधायचो: भिंत ठोकतो, काठीने फरशी चाचपतो. आता ‘निरीक्षण’ म्हणून फासा टाकला की झाले. भीती गेली तशी युक्ती गेली, आणि युक्ती गेल्यावर राहिली ती कत्तल.

‘नियम म्हणजे कपडे, कथा तीच, कपडे नवे’ असे म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. चूक! इथे नियम म्हणजे कथेचा सांगाडा. माझे आजोबा देशी बुद्धिबळ खेळत. त्यात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर सरके आणि राजाला एकदा घोड्याची उडी मारता येई. त्या नियमांवर रचलेला ‘पाच चालींत मात’चा डाव विलायती नियमांनी मांडा, सोंगट्या त्याच, घरे तीच, पण मात होईलच असे नाही. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे बुद्धिबळाच्या डावांचे इंग्रजी पुस्तक निघाले. हे डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत, असे त्याच्या नावातच छापलेले आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा हा प्रामाणिकपणा आजच्या कारभाऱ्यांना का जमू नये?

जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. १९८३च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ची नवी आवृत्ती २०१६ साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ या नावाने आली. तिच्यातल्या भटक्या जमातीच्या चित्रणात रोमा लोकांची बदनामी होते, असा आक्षेप आला. प्रकाशकांनी २०२० साली तो मजकूर उघडपणे बदलला, ते योग्यच केले. आमच्या किल्ल्याची २०१८ साली निघालेली एक नवी आवृत्ती तर मूळ पाने जशीच्या तशी छापून मग नवे रूपांतर देते. वाचणाऱ्याने दोन्ही पाहावे आणि ठरवावे. याला मी रिवाज म्हणतो. माझा राग आहे तो ‘आम्ही काही बदलले नाही, फक्त आकडे बदलले’ म्हणणाऱ्यांवर. आकडे बदलणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की या आकड्यांपायी खेळणारा काय करायला शिकत होता? तेवढे राखा, मग बाकी खुशाल बदला.

दसऱ्याच्या सुट्टीत मी भाच्याला पुन्हा बोलावले. या वेळी पुस्तके कपाटात ठेवली, पिवळी पडलेली झेरॉक्स काढली आणि बिस्किटाचा डबा काढला. पहिल्या तासात एक मित्र मेला आणि रुसला. दुसऱ्या तासात चौघेही दरीच्या तोंडाशी तासभर कुजबुजत बसले. मग भाच्याने खिशातली सगळी नाणी मोजली, माझ्याकडे रोखून पाहिले आणि विचारले, “मामा, त्या ओगराला गॉब्लिन किती देतात?”

मी डबा खाली ठेवला. किल्ला जिवंत होता.